कॅमेऱ्याच्या गावात, एकटीने

शुक्रवार : खरी कॉर्नर, महाद्वार, गंगावेस

कोल्हापूरला फोटो काढायला जायचं तर जानेवारीची अखेर धरावी. ३१ जानेवारी आणि १, २ फेब्रुवारीला अंबाबाईचा किरणोत्सव असतो, गुऱ्हाळं जोरात असतात, दाजीपूरचं जंगल उघडं असतं आणि घाट उतरून समुद्रावर गेलं तर थंडीतले पाहुणे कुरव पक्षी अजून मुक्कामाला असतात. हे सगळं एका सुट्टीत बसतं, फक्त सोबत कुणी नको. पहाटे साडेचारला तालमीत चल म्हटल्यावर कुठलीच मैत्रीण मैत्रीण राहत नाही. म्हणून एकटीच निघाले.

कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी कोल्हापूर, स्टेशनजवळ खोली, मग मिसळ. इथे मिसळ स्लाइस ब्रेडबरोबर येते, आणि "कट वाढू का?" असं विचारेपर्यंत तो वाढूनही झालेला असतो.

पहिला फोटो मुद्दाम खरी कॉर्नरला काढला. चौकात चक्क कॅमेऱ्याचं स्मारक आहे. बाबुराव पेंटरांनी १९१८ साली या गावात देशी बनावटीचा मूव्ही कॅमेरा तयार केला, विष्णुपंत दामले हाताशी होते. परदेशातून कॅमेरा मिळेना, तर घरी करू, एवढा साधा हिशेब. मूळचा हा माणूस चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारा. मी खाली वाकून, वर आभाळ घेऊन फ्रेम लावत होते, तेवढ्यात बाजूला फुलांची पाटी घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "तिकडनं नको. उजेड मागनं येतोय, काळं दिसंल. पलीकडं जावा, मी सांगतो की." गेले. फोटो खरंच चांगला आला. तेव्हा मला तो योगायोग वाटला. पुढे आठवडाभर या गावातल्या प्रत्येकाने मला कुठे उभं राहायचं ते सांगितलं.

संध्याकाळी महाद्वार रोड. देवीचं तोंड पश्चिमेला. वर्षातून दोनदा, एकदा आत्ता आणि एकदा नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना, मावळता सूर्य या रस्त्याच्या रेषेत येतो. किरण महाद्वारातून शिरतात, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडत गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखकमल, असा क्रम सांगतात. धुकं, ढग, धूळ किंवा वाटेतलं एखादं वाढीव बांधकाम, यातलं काहीही आडवं आलं की किरण अलीकडेच विझतात, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याची बातमी होते.

आत फोटो काढता येत नाही. मला ते बरंच वाटलं, कारण त्यामुळे मी बाहेर राहिले. महाद्वाराकडे पाठ करून सूर्याकडे तोंड केलं, तर सहाच्या सुमारास अख्खा रस्ता अंगावर येतो. गजरेवाल्या, ओटीच्या साड्यांचे ढीग, सायकलवरची दुधाची किटली, सगळ्यांना सोन्याची कड. माणसं घड्याळं बघत होती. एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन सांगत होते, "ह्यो बघ, हाच उजेड आत चाललाय. तू मधी आलास तर तुझ्यावर थांबंल." पोरगं घाबरून खाली उतरलं. तो फोटो मिळाला. आत किरण कुठवर चढले यावर बाहेर चहाच्या गाड्यावर बराच वाद झाला. वाद घालणाऱ्यांपैकी कुणीच आत गेलेलं नव्हतं.

(सूर्य फ्रेममध्ये घेणार असाल तर लेन्स आधी पुसा, बोटांचे ठसे इथे हमखास दिसतात. उजेडाचं मोजमाप चेहऱ्यांवर लावू नका, आकाशावर लावा, माणसं काळी गेली तरी चालतात. गर्दीत ट्रायपॉड उघडू नका, लोक अडखळतात आणि मग योग्य तेच बोलतात.)

रात्री गंगावेशीतला दूध कट्टा. रस्त्याकडेला म्हशी उभ्या, समोर धार काढायची, फेसासकट पेला हातात. बल्बच्या पिवळ्या उजेडात काळी म्हैस आणि पांढरा फेस, छायाचित्रकाराला याहून जास्त काय लागतं? मालकांना विचारलं, फोटो काढू का. "मला काय विचारताय, तिला विचारा," ते म्हणाले. तिने मान फिरवली. "पैली धार पिऊन घ्या, मग ओळख हुईल." प्यायले. कोमट, दाट, किंचित गोड दूध. ओळख झाली की नाही माहीत नाही, पण ती सरळ उभी राहिली. दिवाळीच्या पाडव्याला या, असं आमंत्रणही मिळालं, तेव्हा शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून म्हशींची मिरवणूक निघते, आणि काही म्हशी मालकाच्या मोटरसायकलमागे पळतात. मला अजूनही पटत नाही, पण शेजारच्या चौघांनी शपथेवर सांगितलं.

शनिवार : तालीम आणि गुऱ्हाळ

एका तालमीच्या वस्तादांशी ओळखीतून आधी बोलणं झालं होतं. पूर्वी बायकांना तालमीच्या आत घेत नसत. आता काही ठिकाणी विचारून गेलं तर चालतं, काही ठिकाणी अजूनही नाही, आणि जिथे नाही तिथे हुज्जत घालायला माझ्याकडे वेळ नव्हता. पहाटे पाचला पोचले तेव्हा मेहनत सुरू झाली होती. भिंतीवर मारुती आणि शाहू महाराज. मधोमध हौदा, त्यात लाल माती. ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालून मुरवलेली ही माती, वास लोणच्याच्या बरणीत देवघर ठेवल्यासारखा.

वस्ताद म्हणाले, "ताई, चपला भाईर. हौद्याच्या कडंला पाय लावायचा न्हाई. आणि ते फ्लॅश नको, पोराचं ध्यान गेलं तर मान मोडंल." तिन्ही अटी रास्त होत्या. उजेड म्हणाल तर एक ट्यूबलाइट आणि वरचा झरोका. ३५ मिमीची लेन्स, छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ ३२०० च्या पुढे. शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० च्या खाली नेला की जोर मारणाऱ्याचे हात धुरकट होतात, वर नेला की सगळं काळोखात जातं. मी सुरुवातीला सगळ्यांसारखंच केलं, म्हणजे घामाने चमकणारे दंड टिपत बसले. वस्ताद थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दंड सगळीकडं मिळत्यात. तिकडं बघा." कोपऱ्यात दहा-बारा वर्षांची दोन पोरं खोऱ्याने हौदा उकरत होती. माती उलटायची, ढेकूळ फोडायचं, परत उलटायची. त्यांच्या उंचीपेक्षा खोऱ्याचा दांडा मोठा. साडेसातला झरोक्यातून पहिला कवडसा त्या उडणाऱ्या मातीत पडला, आणि मी बाकीचं सगळं सोडून दिलं.

बाहेर आल्यावर एका पैलवानाने थंडाई दिली. बदाम किती घातलेत हे विचारलं तर त्याने फक्त हसून मिशीवर हात फिरवला. त्याला मिशी नव्हती.

खासबाग मैदानावरून चालत गेले. शाहू महाराजांनी बांधलेलं हे गोल मैदान, बसायच्या पायऱ्या अशा उतरत्या की कुठूनही हौदा दिसावा. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ सालचं, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. दगडी भिंती उभ्या होत्या. तिथे कॅमेरा काढला आणि परत ठेवला. रस्त्यावरून जाणारे बरेच जण क्षणभर थांबत होते, एकाने तर हात जोडले. मला फोटो घ्यावासा वाटला नाही, त्याला कारण देता येत नाही.

दुपारी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळावर. हा भाग शोधायला पत्ता लागत नाही, धूर दिसला की तिकडे वळायचं. चरकातून रस निघतो, काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं. रस तापला की रानभेंडीचं चिकट पाणी घालतात, त्याने मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. सगळा कारभार गुळव्याच्या हातात. त्याच्याकडे ना घड्याळ ना थर्मामीटर. फुगे मोठे व्हायला लागले की तो पाण्यात थेंब टाकतो, बोटात गोळी करून बघतो आणि एकदम ओरडतो. मग चार माणसं काहील उचलून वाफ्यात ओततात, आणि त्या अर्ध्या मिनिटात वाफ, सूर्य आणि पातळ सोनं असं काहीतरी समोर घडतं. अर्धं मिनिट म्हणजे खरंच अर्धं मिनिट.

गुळव्याने मला आधीच बजावलं होतं. "तुम्ही तिकडच्या अंगाला, वाऱ्याच्या वर. हितं वाफ येणार, तुमचं भिंग आंधळं हुणार." त्याने भिंग हा शब्द वापरल्यावर मी मुकाट जागा बदलली. (गुऱ्हाळात शिरल्यावर लेन्स तापमानाला रुळायला दहा मिनिटं द्या, नाहीतर धुकं बसतं. काकवीचे थेंब उडतात, साधा पारदर्शक फिल्टर लावून ठेवा. रस प्या, पण कॅमेऱ्याला हात लावण्याआधी हात धुवा.)

कढत गूळ आणि शेंगदाणे खाऊन परतले. संध्याकाळ रंकाळा तलावावर गेली. शालिनी पॅलेसचं प्रतिबिंब, संध्यामठ, भेळ, सगळं छान, सगळ्यांकडे असतं तसंच.

रविवार : राधानगरी

एसटीने राधानगरी, सुमारे पन्नास किलोमीटर. शाहू महाराजांनी भोगावतीवर उभारलेलं धरण आणि मुलीच्या, राधाबाईंच्या नावावरून ठेवलेलं गाव. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडतात. ते पावसाळ्यातलं दृश्य. फेब्रुवारीत जलाशय नुसता पसरून असतो, कडेला झाडी, पाण्यावर पाणकावळे. दुपार वाया गेली असं म्हणणार होते, पण जांभळीच्या शेंड्यावर शेकरू दिसलं. लालभडक पाठ आणि पिवळट पोट, शेपूट अंगाहून मोठी, आणि फांदीवरून फांदीवर असं उडतं की शटर दाबेपर्यंत रिकामी फांदी उरते. रिकाम्या फांद्यांचे उत्तम फोटो आहेत माझ्याकडे.

मुक्काम दाजीपूरला एका घरी. नाचणीची भाकरी, झुणका, ठेचा. रविवारच्या सहलींच्या जीपा संध्याकाळपर्यंत गाणी लावून परतत होत्या. घरच्या काकू म्हणाल्या, "आज गवा बघायला आल्यात, गव्यानंच त्यांना बघितलं असंल." उद्या सोमवार, म्हणजे शांतता. शक्य असेल तर दाजीपूरला शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. गाडी आणि वाटाड्या प्रवेशद्वारावर नोंद करून मिळतात. सकाळी पहिली गाडी धरा. गडद हिरवे किंवा मातकट कपडे, अत्तर नको, ड्रोनचा विचारही नको.

सोमवार : सडा

राधानगरी अभयारण्य १९५८ सालचं, ३५१ चौरस किलोमीटर, त्याआधी कोल्हापूर संस्थानाचं राखीव शिकारीचं रान. ताडोबा डोक्यात ठेवून इथे येऊ नये. इथे रस्त्यावर वाघ बसलेला नसतो. दाट सदाहरित झाडी, मधेच जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं, आणि सड्यांच्या कडेने गवे.

वाटाड्या धनगरवाड्यातला, विशीतला. गाडी बंद करायला लावली आणि म्हणाला, "वास घ्या." मला ओल्या मातीचाच आला. त्याला गोठ्याचा आला. सड्यावर गुडघाभर धुकं साचलं होतं. दहा मिनिटांनी त्या धुक्यात आधी एक काळी वशिंडाची रेषा सरकली, मग दुसरी, मग तपकिरी माद्या आणि मधे लालसर वासरू. कळपाचं पुढारपण थोराड मादीकडे असतं. ती थांबली की सगळे थांबतात, ती चरली की सगळे चरतात. मी कॅमेरा उचलला, तर वाटाड्याने हळूच माझा दंड दाबला. "थांबा ताई. पाय धुक्यात बुडू द्या, मग दाबा." पाय म्हणजे गव्याचे ते मोजे घातल्यासारखे पांढरे पाय. गव्याचं हेच अवघड असतं. अंग काळं असल्यामुळे कॅमेरा फसतो आणि चित्र उजळ करून ठेवतो, काळ्याचा राखाडी होतो आणि पायांचा पांढरा रंग पार जळून जातो. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली ओढावं लागतं. पाय धुक्यात गेले की निम्मा प्रश्न सुटतो. हे त्याला कुणी शिकवलं होतं, विचारलं. "रोज बघतोय की," एवढंच उत्तर.

परतताना वळणावर एकटा नर. हा प्रकार वेगळा. टनाच्या घरातलं जनावर, तेल लावल्यासारखं काळं, मान खाली नाही, वरही नाही. नाकातून जोराचा फुसकारा. ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवलं, गाडी हळूच मागे घेतली आणि आम्ही वीस मिनिटं त्याच्या मर्जीवर बसलो. कळपापेक्षा एकट्या नराला जास्त जागा द्यायची, हा इथला नियम. ४०० मिमीवर त्याच्या पापण्या मोजता येत होत्या. मी मोजल्या नाहीत.

जेवताना वाटाड्या दुसरी बाजू सांगत होता. जंगलाबाहेर ऊस आहे, गोड आहे, लपायला उंच आहे, आणि गवा काही सरकारी हद्द वाचत नाही. रात्रभर राखण करायची आणि सकाळी तुडवलेला फड बघायचा. २०२१ च्या डिसेंबरात गवा पार कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला, बघ्यांची गर्दी झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. "लोक मोबाइल घिऊन जवळ गेली," तो म्हणाला. त्यानंतर थोडा वेळ कॅमेरा पिशवीतच ठेवला.

मंगळवार : फोंडा घाट उतरून मालवण

दाजीपूरहून फोंडा घाट उतरलं की तासाभरात हवा बदलते. वर स्वेटर, खाली घामाची धार. कणकवलीमार्गे मालवण.

दुपारनंतर दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढायला सुरुवात झाली. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोराला दोन्हीकडे माणसांची रांग. कोल्हापूरची सवय झाली होती, वाटलं इथेही कुणी सांगेल कुठे उभी राहा. सांगितलं, पण वेगळं. "गो बाय, फोटो कित्याक? वायच हात लाव दोरयेक!" कॅमेरा एका आजीकडे दिला आणि दोर धरला. ओला, मिठाने खरखरीत दोर, पाय वाळूत रुतलेले, तालावर मागे मागे जायचं. जाळं येईपर्यंत अर्धा तास. आले ते बांगडे आणि थोडी तारली. म्हातारे खूश नव्हते. पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्यांच्या, आणि दिवे लावून मासे धरणाऱ्या बोटींवरचा राग प्रत्येकाच्या बोलण्यात होता.

मग लिलाव, आणि त्यात बायकांचंच राज्य. ओढ संपल्यावर कॅमेरा परत मिळाला, तेव्हा डोक्यावर कुरव आणि घारी घिरट्या घालत होत्या, मागे सिंधुदुर्गाची तटबंदी, आणि सूर्य बरोबर तिथे जिथे हवा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. त्याचं भूमिपूजन झालं तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावरच आहे, तिथून संध्याकाळी किल्ला सर्वात चांगला दिसतो.

(किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, वाळू आत गेली की सेन्सर पुसत बसाल. खारा तुषार कोरड्या कापडाने घासू नका, आधी किंचित ओलं कापड, मग कोरडं. किल्ल्यात ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आणि तिरफळ घातलेला बांगडा सोडू नका.)

आजीने माझे दोर ओढतानाचे तीन फोटो काढले होते. एकात मी आहे.

बुधवार : पुन्हा कोल्हापूर

गगनबावड्यामार्गे दुपारी परत. गाडी रात्रीची. मधल्या वेळात राजारामपुरीतल्या एका लॅबमधून प्रिंट काढून घेतल्या. एकटीने फिरताना लोक आपल्याला बरंच काही देतात, फोनवर फोटो पाठवून ते फिटत नाही. हातात कागद लागतो.

फुलवाल्या मावशींनी स्मारकाचा फोटो बघून "मी सांगितलं न्हवतं?" एवढंच विचारलं. वस्तादांनी गठ्ठा एकेक करून चाळला. दंडांचे फोटो बाजूला काढून पैलवानांना वाटून टाकले. माती उकरणाऱ्या पोरांचा हातात धरून खिडकीशी नेला, जवळून बघितला, लांबून बघितला. "ह्येला चौकट लावूया," म्हणाले, आणि मारुतीच्या खालची जागा दाखवली.

शेवटी दूध कट्टा. मालक म्हशीच्या कासेशी बसलेले, पेल्यात फेस, बल्बचा उजेड चेहऱ्यावर. माझ्या मते या प्रवासातला सगळ्यात जमलेला फोटो. त्यांनी बराच वेळ बघितला. शेजारच्यांनाही दाखवला. मग मला म्हणाले, "झ्याक हाय. पण ह्यात मीच दिसतोय. तिचा एकटीचा न्हाई काढला?"

नव्हता काढला. कट्ट्यावरच्या सहा-सात जणांनी लगेच माझा ताबा घेतला. एकाने दिव्याची वायर ओढून बल्ब पुढे आणला, एकाने मागची स्कूटर हलवली, तिसऱ्याने तिच्या कपाळावरचा कुंकवाचा टिळा ठीक केला. "शिंगं पुरी येऊ द्या!" "ताई, खाली बसा, खालनं रुबाब दिसतो!" मी खाली बसले. गाडीला अजून दीड तास होता.